लहान स्टेशनावरून गाडी पकडताना: नव्याने येणाऱ्यांसाठी

बदली होऊन गावात आलेले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, लग्नानंतर नव्या गावी आलेली मुलगी, शेतीसाठी वरचेवर गावाकडे येणारा नोकरदार, अशा कित्येकांची गाठ पहिल्यांदाच एखाद्या लहान स्टेशनाशी पडते. पुण्या-मुंबईत रोज रेल्वेने फिरलेली माणसंही इथे गोंधळतात. मोठ्या स्टेशनावर एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. इथे सकाळची पॅसेंजर गेली की बहुतेक वेळा दुपार किंवा संध्याकाळ उजाडते. सरकती पाटी नसते, डबा कुठे येईल ते सांगणारे दिवे नसतात, कुठे कुठे तर फलाटही गाडीच्या लांबीएवढा नसतो. त्यामुळे घरून निघण्याआधी थोडी तयारी लागते. ती एकदा केलीत की एवढ्या कमी पैशांत आणि एवढ्या निवांतपणे दुसरं कुठलंही वाहन तुम्हाला नेणार नाही.

आधी स्टेशन नक्की कुठलं ते पाहा

नुसत्या नावावर निघू नका. नाशिक जिल्ह्यात मनमाडच्या पुढे नांदगाव आहे आणि सिंधुदुर्गात नांदगाव रोड आहे. मुंबईच्या लोकलवर गोरेगाव आहे आणि रायगडात कोकण रेल्वेवर गोरेगाव रोड. तिकीट काढताना किंवा ॲपमध्ये शोधताना ही गफलत सहज होते. म्हणून आपल्या स्टेशनाचा रोमन अक्षरांतला छोटा कोड पाठ करून टाका. कुर्डुवाडीचा केडब्ल्यूव्ही, सावंतवाडी रोडचा एसडब्ल्यूव्ही, तसा प्रत्येक स्टेशनाचा एक असतो आणि तो दुसऱ्या कुणाचा नसतो.

नावापुढे 'रोड' असेल तर गाव स्टेशनाला लागून नाही असं धरून चाला. भंडारा रोड स्टेशन प्रत्यक्षात वरठीला आहे. राजापूर रोडवर उतरलं तरी राजापूर शहर गाठायला पुन्हा एसटी किंवा रिक्षा बघावी लागते.

दुसरी गोष्ट, तुमचं ठिकाण पूर्ण स्टेशन आहे की हॉल्ट? पूर्ण स्टेशनात स्टेशन मास्तर असतो, सिग्नल असतात, रूळ फुटून दोन-तीन मार्ग झालेले दिसतात. हॉल्टवर एकच फलाट, एक शेड आणि पिवळी पाटी. मास्तर नाही, सिग्नल नाही. तिथे तिकीट विकायला रेल्वेने कमिशनवर माणूस नेमलेला असतो आणि तो साधारणपणे गाडीच्या वेळेपुरताच खिडकी उघडतो. हॉल्टवर गाडीची खबर देणारं कुणी नसतं, म्हणून तिथून जाणाऱ्याने फोनवर गाडी कुठे आहे ते बघायला शिकलंच पाहिजे.

तुमच्याकडे थांबणाऱ्या गाड्यांची यादी करा

स्टेशनावरून दिवसभरात कितीतरी गाड्या धडधडत जातील. थांबणाऱ्या त्यातल्या मोजक्या. त्या कुठल्या, हे तिकीट खिडकीशेजारच्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण पाटी जुनी असू शकते. रेल्वेची चौकशी सेवा एनटीईएस ॲपवर आणि वेबसाइटवर आहे, १३९ वर फोनही करता येतो. त्यावरून ताडून घ्या आणि मग खिडकीवरच्या माणसाला एकदा विचारा. वेळापत्रक बदललं, एखादी गाडी ब्लॉकमुळे, म्हणजे रुळांच्या कामासाठी मार्ग बंद ठेवल्यामुळे, काही दिवस अलीकडच्या स्टेशनावरच संपते आहे, ही बातमी त्याच्याकडे आधी असते.

यादी कागदावर लिहा आणि दाराजवळ लावा: गाडीचा क्रमांक, जाण्याची वेळ, येण्याची वेळ, कुठल्या वारी असते. क्रमांक वाचायला शिकलात तर बरंच कळतं. डिसेंबर २०१० पासून सगळ्या गाड्यांना पाच आकडी क्रमांक आहेत. ५ ने सुरू होणारी साधी पॅसेंजर, ६ ने मेमू, ७ ने डेमू, १ किंवा २ ने लांब पल्ल्याची एक्स्प्रेस, ० ने स्पेशल. मेमू विजेवर चालते, डेमू डिझेलवर. दोन्हींना वेगळं इंजिन जोडावं लागत नाही, दोन्ही टोकांना चालकाची केबिन असते. मध्य रेल्वेवर आणि कोकण रेल्वेवर मुंबईहून निघणाऱ्या गाड्यांचे क्रमांक बहुतेक विषम आणि मुंबईकडे येणाऱ्यांचे सम असतात. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी ११००३, परतीची ११००४. जुनी मंडळी 'अप' आणि 'डाउन' म्हणतात तेही असंच: अप म्हणजे मुंबईकडे.

क्रमांकाचा खिशाशीही संबंध आहे. भाडं गाडी किती ठिकाणी थांबते त्यावर ठरत नाही, ती कागदोपत्री कुठल्या प्रकारची आहे त्यावर ठरतं. दिवा–सावंतवाडी गाडी जवळजवळ प्रत्येक स्टेशनावर थांबते, पण तिचा क्रमांक १०१०५ आहे आणि ती एक्स्प्रेस आहे. साध्या गाडीचं किमान भाडं १० रुपये, मेल-एक्स्प्रेसचं ३०. साध्या गाडीचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढलात तर तुम्ही विनातिकीट धरले जाऊ शकता, आणि सुपरफास्ट असेल तर दुसऱ्या वर्गाला वर आणखी १५ रुपयांचा अधिभार लागतो. खिडकीवर 'कोल्हापूर एक' एवढंच म्हणू नका. 'कोल्हापूर एक, पॅसेंजर' किंवा 'एक्स्प्रेस' असं स्पष्ट सांगा.

यादीत दोन जागी चूक होते. एक, मध्यरात्रीच्या गाड्या. रेल्वेचं घड्याळ २४ तासांचं. ००.२० ची मंगळवारची गाडी म्हणजे सोमवारी रात्री जेवून स्टेशनावर जायचं. आरक्षण करताना तारीख चुकली तर तिकीट वाया. दोन, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दरडींच्या धोक्यामुळे गाड्या कमी वेगाने चालवतात आणि कित्येक गाड्यांच्या वेळा तासा-दोन तासांनी पुढे-मागे होतात. मे महिन्यातली पाठ केलेली वेळ जुलैत उपयोगी नाही.

माझा आग्रह आहे, बेत नेहमी परतीच्या गाडीपासून मागे आखा. तालुक्याच्या कोर्टात किंवा दवाखान्यात काम आहे, तर परतीची शेवटची गाडी किती वाजता, तिच्या आधी स्टेशनावर पोचायला कितीला निघावं लागेल, हे आधी ठरवा. जायची गाडी चुकली तर बेत उद्यावर जातो. परतीची चुकली तर रात्र काढावी लागते.

तिकीट

लहान स्टेशनावर बहुतेकांना जनरलचं, म्हणजे अनारक्षित तिकीट लागतं. त्याचा एक नियम नीट समजून घ्या. २०० किलोमीटरच्या आतलं तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्या बाजूला जाणारी पहिली गाडी सुटेपर्यंत, यातलं जे नंतरचं असेल तोवर चालतं. तुमची पुढची गाडीच पाच तासांनी असेल तर सकाळी काढलेलं तिकीट तिला चालतं, घाबरायचं कारण नाही. पण एक गाडी समोरून सोडून दिलीत आणि तीन तासही उलटले, तर ते तिकीट मेलं. २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबचं तिकीट तीन दिवस आधीपासून काढता येतं.

खिडकीवर सुटे पैसे घेऊन जा. गाडी यायच्या निदान वीस मिनिटं आधी पोचा, कारण कित्येक ठिकाणी तिकीट देणारा आणि गाडीचं काम बघणारा माणूस एकच असतो. गाडी मागच्या स्टेशनावरून सुटली की तो फोन आणि सिग्नलमध्ये अडकतो आणि खिडकी थोडा वेळ थांबते. तेव्हा त्याच्यावर ओरडून उपयोग नाही. गाडी सुरक्षित आत घेणं हे त्याचं पहिलं काम आहे.

मोबाइलवर तिकीट काढायची सोय आहे. जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेलवन ॲपमध्ये आरक्षित आणि अनारक्षित दोन्ही तिकिटं निघतात. पेपरलेस तिकीट स्टेशनाच्या आवारात आणि रुळांजवळ निघत नाही. घरून किंवा वाटेतच काढावं लागतं. स्टेशनापासून किती लांबून तिकीट काढता येतं याची मर्यादा एप्रिल २०२४ पासून काढून टाकली आहे, तेव्हा घरी चांगलं नेटवर्क असताना काढून ठेवणं सोयीचं, फक्त तीन तासांत प्रवास सुरू झाला पाहिजे. टीसीला ॲपमधलंच तिकीट दाखवायचं. त्याचा स्क्रीनशॉट चालत नाही. बॅटरी पाच टक्क्यांवर असेल तर कागदी तिकीट घ्या.

मुलांचं: पाच वर्षांखालच्याला तिकीट नाही, पाच ते बाराच्या आतल्याला जनरलमध्ये अर्धं. ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, हे आजी-आजोबांना घेऊन निघण्याआधी माहीत असू द्या. दुसऱ्या वर्गात माणशी ३५ किलो सामान मोफत नेता येतं.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. लहान स्टेशनावर टीसी क्वचित दिसतो, म्हणून 'दोन स्टेशनांसाठी कशाला तिकीट' अशी सवय लागते. पकडलं गेलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये, हे एक. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तुमच्या स्टेशनावर किती माणसं चढतात हे रेल्वेला विकलेल्या तिकिटांवरूनच कळतं. नवे थांबे बहुतेक वेळा 'प्रायोगिक' म्हणून दिले जातात आणि ठरलेल्या मुदतीनंतर तिकीटविक्री बघून ठेवायचे की काढायचे ते ठरतं. फलाटावर दोनशे माणसं उभी असोत. विक्री चाळीस तिकिटांची असेल तर कागदावर चाळीसच माणसं. शिवाय तिकीट तुमच्या स्टेशनापासूनचं काढा. पुढच्या मोठ्या स्टेशनापासूनचं काढून ठेवलंत तर ती नोंद तुमच्या स्टेशनाला मिळत नाही, आणि मधल्या टप्प्यात तुम्ही विनातिकीटच असता.

हॉल्टवर खिडकी बंदच असेल आणि मोबाइलही चालत नसेल, तर चढण्याआधी गार्डला सांगा. जानेवारी २०२२ पासून त्यांचं पद ट्रेन मॅनेजर असं झालं आहे. आधी सांगून परवानगी घेतलेल्या प्रवाशाची गोष्ट वेगळी असते आणि गुपचूप चढलेल्याची वेगळी.

फलाटावर

पोचल्यावर पहिली चौकशी: गाडी कुठल्या फलाटावर येणार? दोन फलाट असतील आणि पादचारी पूल दूर असेल, तर हे गाडी दिसल्यावर कळून काही फायदा नाही. रूळ ओलांडणं रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि गुन्ह्याचं बाजूला ठेवलं तरी लहान स्टेशनावर ते जास्त धोक्याचं आहे, कारण न थांबणारी एक्स्प्रेस इथून पूर्ण वेगात जाते. वळणावरून ती दिसल्यापासून समोर येईपर्यंत फार थोडे क्षण मिळतात. मुलांना फलाटाच्या कडेपासून आत, भिंतीशी ठेवा.

मधल्या लाइनवर मालगाडी उभी असेल तर तिच्या खालून किंवा दोन डब्यांच्या जोडावरून कधीही जाऊ नका. गावातली चार माणसं रोज जात असतील, तरी नाही. मालगाडी कधी हलेल ते तुम्हाला कळत नाही. इंजिन अर्धा किलोमीटर पुढे असतं, भोंगा ऐकू येतोच असं नाही, आणि हिसका बसतो तो एका क्षणात. मालगाडी येऊन उभी राहील असं वाटत असेल तर आधीच पलीकडच्या फलाटावर जाऊन बसा.

गाडी येते आहे हे ओळखायच्या खुणा आहेत. काही स्टेशनांवर टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर अजून टोले पडतात. नाहीतर स्टेशनाबाहेरचा होम सिग्नल बघा. तो पिवळा असेल आणि डोक्यावर पांढऱ्या दिव्यांची तिरकी ओळ पेटली असेल, तर येणारी गाडी लूप लाइनवर, म्हणजे मुख्य लाइनीतून फुटलेल्या बाजूच्या रुळावर, घेत आहेत. मुख्य लाइनीचे सिग्नल ओळीने हिरवे असतील तर येते आहे ती बहुधा न थांबणारी, मागे सरका.

चढणं आणि उतरणं

थांबा एक किंवा दोन मिनिटांचा. एवढ्यात शंभर माणसं चढू-उतरू शकतात, पण ती योग्य जागी उभी असली तरच. लांब पल्ल्याच्या गाडीला जनरल डबे साधारणपणे इंजिनामागे आणि अगदी शेवटी असतात. कुठले कुठे येतात ते रोज जाणाऱ्या पासवाल्यांना विचारा. ते तुम्हाला खांब किंवा झाड दाखवून सांगतील, 'इथे उभे राहा, दरवाजा बरोबर येतो.' ह्यापेक्षा खात्रीची माहिती कुठल्याही ॲपमध्ये नाही.

फलाट लांबीला कमी असेल तर शेवटचा डबा फलाटाबाहेर खडीवर उभा राहतो. काही स्टेशनांवर फलाट इतका बुटका असतो की पायऱ्यांचे दांडे धरून चढावं लागतं. गुडघेदुखी असलेलं माणूस बरोबर असेल तर त्यांना मधल्या डब्यापाशी ठेवा, आधी एकाने वर चढून हात द्या, सामान सगळ्यात शेवटी. चढताना घाई झालीच तर जवळच्या कुठल्याही दाराने आत शिरा आणि पुढच्या मोठ्या स्टेशनावर डबा बदला. सुरू झालेल्या गाडीमागे धावू नका.

उतरताना एक स्टेशन आधीपासून दाराशी या. रात्री पाटी दिसत नाही, लहान स्टेशनावर घोषणा नसते, त्यामुळे नकाशावर किंवा ॲपवर नजर ठेवा. फलाट डाव्या बाजूला येतो की उजव्या, हे शेजारच्याला विचारून ठेवा. उलट्या बाजूने रुळांत उतरणं हे अपघाताचं सरळ आमंत्रण.

गाडी मध्येच का थांबते

नव्या माणसाला सगळ्यात चीड येते ती ह्याची. पॅसेंजर एखाद्या ओसाड स्टेशनात वीस-पंचवीस मिनिटं उभी, कुणी काही सांगत नाही. कारण बहुतेक वेळा क्रॉसिंग असतं. मार्ग एकेरी असेल तर समोरासमोरच्या दोन गाड्या फक्त स्टेशनातच एकमेकींना ओलांडू शकतात. एक लूपवर उभी राहते, दुसरी मुख्य लाइनीवरून निघून जाते, आणि थांबायचा मान अर्थातच पॅसेंजरचा. मागून येणाऱ्या एक्स्प्रेसला वाट द्यायलाही तसंच थांबवतात. काही स्टेशनं मुळात ह्या क्रॉसिंगच्या गरजेपोटीच बांधली गेली आणि गाव नंतर त्यांच्या उपयोगाला आलं. रोहा ते वीर हा ४७ किलोमीटरच्या आसपासचा टप्पा २०२१ मध्ये दुहेरी झाला, तरी कोकण रेल्वेचा बाकीचा बराचसा मार्ग एकेरीच आहे. गणपतीच्या दिवसांत जादा गाड्या सुटल्या की उशीर का वाढतो ते ह्यावरून लक्षात येईल.

म्हणून पॅसेंजरने जाऊन पुढे दुसरी आरक्षित गाडी पकडायची असेल, तर मध्ये निदान दोन तास ठेवा. क्रॉसिंगला गाडी थांबली म्हणून खाली उतरून लांब फिरायलाही जाऊ नका. सिग्नल मिळाला की ती लगेच हलते.

आरक्षण आणि पास

लहान स्टेशनाला आरक्षणाची खिडकी असेलच असं नाही; ऑनलाइन किंवा जवळच्या मोठ्या स्टेशनावर काढा. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. मधल्या स्टेशनांच्या वाट्याला जागा कमी असतात, त्यामुळे तुमच्या स्टेशनापासून वेटिंग दिसलं तर गाडी जिथून सुटते तिथपासूनचं तिकीट बघा आणि बोर्डिंग पॉइंट, म्हणजे गाडीत चढायचं ठिकाण, आपलं स्टेशन ठेवा. पैसे थोडे जास्त जातात, जागा मात्र मिळण्याची शक्यता वाढते. बोर्डिंग पॉइंट बदलायला विसरलात तर सुरुवातीच्या स्टेशनावर तुम्ही आला नाहीत म्हणून जागा दुसऱ्याला जाऊ शकते. वेटिंगच्या तिकिटावर स्लीपरमध्ये चढू नका.

रोजचं जाणं-येणं असेल तर पास काढा. मासिक पास १५० किलोमीटरपर्यंत मिळतो, तीन महिन्यांचा एकदम काढला तर मासिकच्या २.७ पट पडतो. कुठल्या एक्स्प्रेसला पास चालतो ते खिडकीवर विचारून घ्या. आरक्षित डब्यात बसायचा हक्क पासाने मिळत नाही.

स्टेशनाबाहेर

वडाप, काळी-पिवळी, टमटम, तुमच्याकडे जे काही म्हणत असतील ते वाहन गाडीच्या वेळेला स्टेशनाबाहेर येतं आणि भरलं की निघून जातं. पाच मिनिटं रेंगाळलात तर पायपीट. रात्रीच्या गाडीने येणार असाल तर एका रिक्षावाल्याचा नंबर दिवसाच घेऊन ठेवा आणि गाडी लेट असेल तर त्याला कळवत राहा. एकट्या बाईमाणसाने रात्री हॉल्टवर उतरण्यापेक्षा मास्तर असलेल्या आधीच्या किंवा पुढच्या स्टेशनावर उतरावं, घरच्यांना तिथे बोलवावं. गाडीत काही अडचण आली तर १३९ हीच मदतीचीही लाइन आहे.

थांबा हवा असेल तर

काही महिने गेले की तुम्हालाही वाटेल, अमुक एक्स्प्रेस इथे थांबली असती तर. मागणी करता येते, पण 'आमच्या स्टेशनावर एक्स्प्रेस थांबवावी' एवढ्या ओळीचा अर्ज कुठेच पोचत नाही. आपलं स्टेशन कुठल्या विभागात येतं ते आधी बघा. महाराष्ट्रात मध्य रेल्वेचे मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ, नागपूर हे विभाग आहेत. मराठवाड्याचा बराच भाग दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागात, गोंदियाकडचा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात, आणि कोकण रेल्वेचा कारभार निराळा. अर्ज विभागीय व्यवस्थापकाच्या नावे द्या, एक प्रत खासदारांच्या कार्यालयात द्या, गावात प्रवासी संघटना असेल तर तिच्यामार्फत जा. अर्जात एकाच गाडीचा क्रमांक आणि ती तुमच्या स्टेशनावरून जाते ती वेळ लिहा. कुठल्या गावांची माणसं येतील, सध्या तीच गाडी पकडायला कुठल्या स्टेशनापर्यंत आणि किती किलोमीटर जावं लागतं, तेही लिहा. सह्यांच्या यादीत प्रत्येकापुढे तो कुठून कुठे आणि महिन्यातून किती वेळा जातो, असे रकाने ठेवा. अर्जाच्या पोचपावतीवर आवक क्रमांक आणि तारीख मागून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला त्याच क्रमांकाने विचारता येईल.